वय दुरुस्त केलं, ती ओळ तशीच ठेवली

मंडळी, आज दुपारी सुरेखावहिनींना घेऊन शिरूरला वकिलांकडे गेलो होतो. त्यांचा नवरा, माझा चुलतभाऊ, मागच्या महिन्यात कंपनीच्या शेडवरून पडून वारला. ठेकेदाराने सेफ्टी बेल्ट दिला नव्हता.

वकिलांनी पोलिसांतला जबाब वाचला. "कोणाविरुद्ध तक्रार नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, हे मी कवा म्हणले?"

नव्हत्याच म्हणाल्या. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर हवालदाराने नेहमीचा मजकूर लिहिला होता. अंधार पडायच्या आत माती उरकायची, म्हणून सगळ्यांना बॉडी लवकर हवी होती. गावात कायद्याचं मलाच विचारतात. मी कागद वाचला, चुकलेलं वय दुरुस्त करायला लावलं आणि म्हणालो, "बरोबर हाय, करा सही."

वकील म्हणाले, हक्क बुडत नाही. फिर्याद देता येते, भरपाईचा दावाही लावता येतो. पण समोरचे प्रत्येक तारखेला हाच कागद पुढं करणार.

एसटीत वहिनींनी एवढंच विचारलं, "तुम्ही तर वाचला व्हता ना?"

मंडळी, तुमच्यावर अशी वेळ आली तर ती ओळ लिहू देऊ नका. बॉडी त्याशिवायही मिळते. वहिनींना काय सांगावं, ते मात्र तुम्हीच सुचवा.