एकच तुळई

पलीकडचे आप्पा रोज सकाळी आपल्या घराच्या तुळईवर काठीनं तीनदा ठोकायचे. आवाज माझ्या डोक्यावर यायचा. मग हाक, "मास्तर, उठलासा काय?"

शिवाजी पेठेतलं आमचं घर म्हणजे जोडघर. शंभरएक वर्षांपूर्वी दोघा मित्रांनी मिळून बांधलेलं. कौलारू छप्पर एक, मधली भिंत एक. दारं, जिने, खिडक्या मात्र दोन-दोन, आरशात पाहिल्यासारख्या. उजवीकडं मी, डावीकडं आप्पा. ते सुतार. दर उन्हाळ्यात माडी पेलणाऱ्या आपल्या तुळईला तेल लावून झालं की शिडी घेऊन माझ्याकडं यायचे. मी नको म्हटलं की म्हणायचे, "निम्म्या अंगालाच तेल लावून अंघोळ करता काय तुम्ही?"

त्यांच्या मते तुळया दोन नव्हत्याच. "एकच सागवान हाय, ह्या टोकापासनं त्या टोकापत्तूर. भिंत मधी नुसती टेकायला." आवाज तर भिंतीतूनही येतो, असं म्हणून मी हसायचो.

आप्पांच्या मुलाला त्यांची बाजू पाडून इमारत बांधायची होती. आप्पा सोप्यात खांबाला टेकून बसले. "मास्तरांचं घर बसंल. त्यांची सही हुईस्तवर मी उठत न्हाय." मुलगा घराचा जुना नकाशा घेऊन माझ्याकडं आला. तुळईच्या दोन्ही रेघा मधल्या भिंतीपाशी थांबलेल्या होत्या. मी आयुष्यभर कागदावर विश्वास ठेवत आलो. ना-हरकतीच्या कागदावर सही केली.

आप्पांनी ती निरखून पाहिली. "अक्षर झ्याक हाय तुमचं," एवढंच म्हणाले आणि उठले.

कळंब्याला मुलाच्या फ्लॅटवर आप्पांना भेटायला गेलो, तेव्हा पडल्या पडल्या उशाजवळच्या भिंतीवर बोटं वाजवत होते. "सिमेंट. कायबी सांगत न्हाय." पंधरवड्यात ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर पाडकाम सुरू झालं. त्या बाजूला तुळई कापली आणि माझ्या माडीची जमीन वीतभर खाली आली. पुस्तकांची कपाटं माझ्याकडं झुकली. आता खाली लोखंडी टेकू आहेत. घर सोडा, असं महापालिकेचे इंजिनियर सांगून गेले. काहीच करता येणार नाही का, मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्याच सहीचा कागद पुढं केला.

ढिगाऱ्यावर उभं राहिलं की भिंतीतून आरपार आलेल्या तुळईचं कापलेलं तोंड दिसतं. अजून पिवळं, तेलकट. सांधा कुठंच नाही.

रोज सकाळी मी माझ्या बाजूनं तीनदा ठोकतो. आवाज लाकडातून भिंतीपलीकडं जातो आणि उघड्यावर पडतो.