दिवाणखान्यातले टोपीकर

नव्या सुनेनं बोलायचं नसतं, एवढं शिकवून मला माहेराहून पुण्यात पाठवलं. न बोललेलं साठत जातं, हे मात्र कुणी सांगितलं नाही! लग्नाला वर्ष व्हायचंय अजून, आणि किस्से माळ्यावर ठेवायची वेळ आली. तूर्त दिवाणखान्यातल्या चित्रांचे तेवढे सांगते.

संगमावरच्या इंग्रज साहेबानं मामंजींना तीन विलायती चित्रं नजर केली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. टोपीकर गलबतातून कुठल्याशा बेटावर उतरतात, त्याची. दिवाणखान्याच्या भिंतीवर ती ओळीनं लागली.

सासूबाईंनी निरखून पाहिलं. "सगळं काळंच?"

"कोरीव काम आहे ते!" मामंजी म्हणाले.

"असेल. पण नजराणा द्यायचा, तर रंग तरी भरून द्यावा माणसानं!"

*

पहिल्या चित्रात टोपीकर वाळूवर गुडघे टेकून बसलाय. समोर पिसांचा मुकुट घातलेला बेटाचा राजा, हातात फळांचं तबक.

"पाहा! परक्या भूमीवर उतरल्याबरोबर नमस्कार," मामंजी म्हणाले. "याला म्हणतात संस्कार!"

टोपीकराच्या कमरेला डाव्या बाजूला तलवार होती. संस्कार उजव्या बाजूला असतील.

*

दुसऱ्यात टोपीकर खांब रोवताहेत. शेजारचे तात्या रोज पान खायला येतात, त्यांनी निकाल दिला, "मांडव घालताहेत. लग्न दिसतंय."

"मग नवरी कुठाय?" सासूबाईंनी माजघरातून विचारलं.

"येईल हो! आधी मांडव, मग नवरी."

राजा कडेला जमिनीवर बसलेला.

"हा वधूपिता," तात्या म्हणाले. "चेहऱ्यावरून कळतंच!"

*

तिसऱ्यात किल्ला, तोफा, निशाण. सासूबाईंनी बराच वेळ शोधलं.

"अहो, तो पिसांचा मुकुटवाला कुठे गेला?"

"घरात असेल," मामंजी म्हणाले. "पाहुणे आले की यजमानाला कामं थोडी असतात?"

*

मग साहेबानं आमची नदीकाठची अंजिरांची बाग मागितली. विकत नव्हे हो! नुसता तंबू ठोकायला, चार दिवस. बागेतलं झाड न् झाड सासूबाईंनी हातानं लावलेलं.

"आणि गेला नाही तर?" त्यांनी मामंजींना विचारलं.

"जाईल की! एवढ्या लांबून आलेला माणूस कायमचा राहतो होय?"

मी हळूच ह्यांना विचारलं, "आपण ती चित्रं नीट पाहिलीत का?"

"पाहिली ना! गलबत फार सुरेख आहे."

*

तंबू पडला. चार दिवस झाले, दिवाळीही झाली. तंबू तिथेच!

आभार म्हणून साहेबाच्या चिताऱ्यानं बागेत मामंजींचं चित्र काढलं. तेही आता विलायतेत कोरून छापणार म्हणे! तोवर हातानं काढलेली एक नक्कल घरी आली. मामंजी झोकदार पगडीत, अंजिरांचं तबक पुढे करून उभे. समोर साहेब, अदबीनं वाकलेला.

सगळं घर हरखलं. चित्र घेऊन मामंजी भिंतीपुढे उभे राहिले. "कुठे लावावं?"

सासूबाईंनी, का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं.

मी पदर सावरला आणि सासरी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "त्या पहिल्या चित्राच्या खाली. आणि त्याच ओळीत पुढे दोन खिळे मोकळे ठोकून ठेवावेत."

"सुनेला दृष्टी आहे!" मामंजी म्हणाले.

दोन्ही खिळे त्यांनी स्वतः ठोकले!