कुणावर गेलंय?

डॉक्टरांनी टेबलावर माझ्या पाच महिन्यांच्या पुतणीचं हृदय ठेवलं. खरं नव्हे, स्कॅनवरून बनवलेलं प्लास्टिकचं. नीट दिसावं म्हणून मोसंबीएवढं मोठं केलेलं. मधल्या पडद्यातलं भोक त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवलं.

आमच्याकडे बारशाला बाळाची वाटणी होते. जिवणी आजीने घेतली, कान आत्याने. नाक मी भांडून मिळवलं. माझं नाक पाहता ती बाळावर मेहरबानी नव्हती. दिसतं त्यावर हक्क सांगायला काय जातं? आज आतलं दिसलं, आणि माझ्यासारखा भांडकुदळही खिडकीबाहेर बघू लागला.

"माझ्यावरच गेलं असेल," बाळाची आई पुटपुटली.

"काहीतरीच काय, सुनंदा!" एवढंच मला सुचलं.

"ताई, यात कुणाचीच चूक नसते," डॉक्टर म्हणाले. "परवा ऑपरेशन करू. धोका आहे, पण थांबण्यात जास्त आहे."

तिने मान हलवली. "हात लावू का?" विचारून तिने ते हृदय उचललं, आणि तिचा दुसरा हात आपसूक त्याच्याखाली गेला, तान्ह्याची मान सावरायला जातो तसा.