रविवारची खुर्ची

बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या पोळेत, म्हणजे दाटीने घरं असलेल्या चिंचोळ्या गल्लीत, आगीचा बंब शिरत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण शेजारच्या पोळेतलं एक घर डोळ्यांदेखत जळेपर्यंत कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. बंब वेळेवर आला होता. पोळेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि तिथेच अडला. पुढे दोन्ही बाजूंना घरांचे ओटे, ओट्यांना खेटून स्कूटरी आणि प्रत्येक स्कूटरच्या हँडलला लॉक. बंबावरची माणसं पाण्याचे पाइप खांद्यावर घेऊन, स्कूटरींवरून उड्या मारत आत गेली. माणसं वाचली, घर गेलं. जाताना त्यांचा अधिकारी आम्हाला म्हणाला, "आतलं काम तुम्हीच शिकून घ्या. पाणी आम्ही आणू, वाट तुम्ही करून द्या."

मला ते बोलणं लागलं. मी शाळेत शारीरिक शिक्षणाची बाई. वाट करून देणं म्हणजे शेवटी माणसांना ओळीत लावणं, आणि त्यात माझा हात धरणारं बडोद्यात कुणी नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

त्या वर्षांत घरोघरी काहीतरी नवं येत होतं. सायकलवाल्याकडे स्कूटर आली, स्कूटरवाल्याच्या मुलीला मोपेड आली. टीव्ही, फ्रिज, सोफे आले आणि त्यांची रिकामी खोकी माळ्यावर गेली. तळमजल्यावरच्या राहत्या खोल्या व्यापाऱ्यांनी गोदामासाठी भाड्याने घेतल्या. पोळ मात्र होती तेवढीच राहिली. जळायला पुष्कळ आणि पळायला जागा नाही, अशी आमची भरभराट चालली होती.

आमच्या समोरच्या घरात एक गुजराती भाई राहत. वाघोडियाच्या एका केमिकल कारखान्यात ते ऑपरेटर होते आणि कारखान्याच्या स्वतःच्या आग-पथकात होते. त्यांना मी ओट्यावरच गाठलं. ते म्हणाले, "बेन, शिकवायला मी शिकवतो, पण हे लोक माझं ऐकणार नाहीत. ओरडायचं काम तुमचं." अशी वाटणी झाली. पोळेतला शिंपी आला, दोन-तीन कॉलेजची पोरं आली आणि दर रविवारी सकाळी आमचा सराव सुरू झाला. पोळ आम्हाला 'बंबमंडळ' म्हणायची, भजनीमंडळ म्हणावं तसं. मी मनावर घेतलं नाही.

पहिला नियम केला तो हँडल-लॉकचा. पोळेत उभ्या केलेल्या गाडीचं हँडल लॉक करायचं नाही. ज्याने केलं त्याची गाडी रविवारी आम्ही उचलून थेट पोळेच्या तोंडाशी नेऊन ठेवायचो आणि मालकाने गंजीफ्रॉकवर येऊन ती सगळ्यांदेखत परत न्यायची. फार भांडणं झाली. पण पोळेतून एक माणूस पसरल्या हातांनी चालत जाऊ शकेल एवढी वाट झाली, आणि ती टिकली.

दुसरा सराव माणसं खाली आणण्याचा. पोळेतले जिने लाकडी, अरुंद आणि एवढे उभे, की वर चढताना धरायला मधोमध दोर लोंबत असतो. आम्ही पोळेतल्या एका घराच्या जिन्यावर खुर्चीला गव्हाचं पोतं बांधून ते वरखाली करत होतो. एका रविवारी वरून आवाज आला, "बाई, पोतं घाबरत नाही, ओरडत नाही आणि त्याला लघवीला लागत नाही. माणूस उतरवून दाखवा!"

हे अण्णा. त्या घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर मुलगा-सुनेबरोबर राहायचे. तरुणपणी संस्थानच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले, बोलण्यात अजून तो रुबाब. अर्धांगवायूने पाय गेले होते, जीभ शाबूत होती. किती तरी महिने ते त्या खोलीतून खाली उतरले नव्हते. मी वर पाहून विचारलं, "कोणता माणूस?"

"आणखी कुणाचे पाय गेलेत पोळेत?" ते म्हणाले.

पुढच्या रविवारपासून पोत्याच्या जागी अण्णा. खुर्चीची पाठ वरून शिंप्याने धरायची, पुढचे पाय खालून भाईंनी, भाईंच्या कमरेला हात देऊन एक पोरगा, आणि सगळ्यांच्या पुढे मी, उलटी उतरत. एक शिट्टी म्हणजे पुढची पायरी, दोन शिट्ट्या म्हणजे थांबा. पहिल्यांदा उतरवलं तेव्हा अण्णांनी डोळे घट्ट मिटले होते. खाली रस्त्यावर खुर्ची टेकली तेव्हा ते उघडले, आणि आधी त्यांनी वाकून पोळेच्या फरसबंदीकडेच पाहिलं.

हळूहळू सरावाला सवयी चिकटल्या. मधल्या मजल्यावर एक गुजराती बा राहायच्या. खुर्ची त्यांच्या दारापर्यंत आली की दार उघडायचं, बा म्हणायच्या, "केम छो, अण्णा?" आणि अण्णांच्या तळहातावर भाजलेल्या सुपारीची चिमूट ठेवायच्या. मी दोन शिट्ट्या वाजवायचे, मंडळी थांबायची. मग खाली, मग पोळेच्या तोंडाशी असलेल्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चहा. अण्णा बशीत चहा ओतून घ्यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायचे. चढवतानाही सुपारी व्हायची. त्यांची ती सकाळ आम्हाला कधी गडबडीत उरकावीशी वाटली नाही. खरं सांगायचं तर माझा त्या म्हाताऱ्यावर जीव जडला होता, आणि पथकातल्या सगळ्यांचाच.

एकदा मात्र शिंप्याचा पाय सटकला. खुर्ची पडली नाही, पण भिंतीला घासली आणि अण्णांचं कोपर सोलवटलं. त्यांचा मुलगा एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, रविवारीही फोनवर असायचा. तो धावत खाली आला.

"बाई, पुरे झालं आता. आग लागेल तेव्हा लागेल. तोवर दर रविवारी तुम्ही माझ्या वडिलांना जिन्यावर झोके देणार?"

"आग लागल्यावर आधी तुमच्या ऑफिसात फोन करून परवानगी घेऊ का?" मी म्हणाले. मला गप्प बसता येत नाही.

"यापुढे त्यांना कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला.

अण्णा म्हणाले, "अरे, मला विचारशील की नाही?" पण मुलाने विचारलं नाही. भाईंनी अण्णांना उचलून वर नेलं, आणि त्या दिवशी बांच्या दारात कुणी थांबलं नाही.

त्यानंतर खुर्चीवर पुन्हा पोतं आलं. आमच्या शिट्ट्या सुरू झाल्या की अण्णा आपली खिडकी लावून घ्यायचे. ती खिडकी लागताना पाहिली की मला मुलाचा संताप यायचा आणि स्वतःचाही. मी गोड बोलले असते तर कदाचित त्याने ऐकलं असतं. पण अण्णांना वरून कसं उतरवायचं, हे आता फक्त आम्हाला येत होतं आणि आम्हालाच मनाई होती. एवढ्यावर गोष्ट येऊन थांबली होती.

आग लागली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी. अण्णांच्या घराला लागून असलेल्या घराच्या तळमजल्यावर सोफ्यांच्या फोमचं गोदाम होतं. वायरिंगची ठिणगी पडली असावी. फोम जळतो तेव्हा ज्वाळा राहू द्या, धूरच माणसाला आडवं करतो, हे भाईंनी आम्हाला शिकवलं होतं. तो काळा धूर गोदामातून निघून अण्णांच्या घराच्या जिन्यात भरत होता. मी ओट्यावर धावत आले आणि शिट्टी वाजवली. रात्रपाळी करून झोपलेले भाई लुंगीवरच बाहेर आले. शिंपी गळ्यातली टेप तशीच ठेवून आला. पोरांनी स्कूटरी ओढून कडेला लावल्या. एकाही गाडीला लॉक नव्हतं. एक जण बंबाला फोन करायला पळाला.

बा मघाशीच भाजीला गेल्या होत्या. सूनबाई बाजारात, मुलगा ऑफिसात. वर अण्णा एकटे.

मनाई आम्हाला कुणाला आठवलीसुद्धा नाही. बादलीत ओढण्या आणि पंचे बुडवून तोंडाला बांधले आणि सरावाची खुर्ची घेऊन दोर धरून वर गेलो. अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. आम्हाला पाहून म्हणाले, "उशीर केलात. आज रविवार नाही म्हणून?" त्यांच्या नाकातोंडावर ओला पंचा बांधला, त्यांना आमच्या खुर्चीत घेतलं आणि ती उचलली.

जिन्यात काही दिसत नव्हतं. डोळ्यांतून नुसतं पाणी. माझ्या तोंडावर ओली ओढणी, त्यामुळे शिट्टी वाजवता येईना. मी जिन्याच्या भिंतीवर हाताने थाप देऊन पायरी सांगत होते. एरवी अडखळणारा शिंपी त्या दिवशी एकदाही चुकला नाही. पायांना पायऱ्या पाठ झाल्या होत्या. मला वाटलं, जमलं, आपण खाली पोचलोच.

आणि मधल्या मजल्यावर खुर्ची थांबली.

कुणी थांबा म्हटलं नव्हतं. भाई थांबले, शिंपी थांबला, पोरगा थांबला, आणि मी, हे पथक उभं करणारी मीसुद्धा, उलट्या पायांनी तिथेच उभी राहिले. त्या धुरात, बांच्या बंद दारासमोर, आम्ही सगळे उभे. इतके रविवार ज्या जागी थांबलो होतो त्याच जागी पाय आपोआप खिळले होते. मी त्या दाराच्या दिशेने पाहत होते, ते उघडायची वाट पाहत असल्यासारखी. आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नाही, कारण काय चुकतंय हेच डोक्यात येईना.

पंच्याआडून अण्णा गरजले, "अरे गाढवांनो! आज सुपारी नाही! चला!"

पाय सुटले. उरलेला जिना आम्ही कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. बाहेर आलो तेव्हा बंब पोळेच्या तोंडाशी पोचला होता आणि त्याची माणसं मोकळ्या वाटेने पाइप घेऊन सरळ आत येत होती. गोदाम जळून खाक झालं, पण वर आग चढली नाही. अण्णा लारीजवळ खुर्चीत बसून खोकत होते. खोकला थांबल्यावर लारीवाल्याला म्हणाले, "चहा दे. साखर जास्त."

मुलगा आला तेव्हा त्याच्या अंगावर ऑफिसचे कपडे होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने वडिलांचे हात-पाय चाचपून पाहिले. मग माझ्याकडे वळला. माझ्या जिभेवर चांगली चार वाक्यं तयार होती. त्याची अवस्था पाहून मी ती गिळली. माझ्या स्वभावाला हे फार जड गेलं, याची नोंद व्हावी.

महिन्याभरात त्यांनी घर हलवलं. फतेगंजला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. वरचा मजला, भरपूर हवा, लिफ्ट. मुलाने पोळेतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं की आता काळजी नाही, लिफ्ट आहे. आम्हाला बरं वाटलं. आम्ही खुर्ची धुऊन माझ्या माडीवर ठेवली आणि सरावाला पोतं घेतलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी अण्णांचा फोन आला.

"बाई, एक शंका आहे. आग लागली तर लिफ्ट वापरायची का?"

"अजिबात नाही. लिफ्ट बंद पडते. माणूस आत अडकतो."

"असं," ते म्हणाले. मग, "आल्यापासून मी खाली उतरलेलो नाही. लिफ्ट आहे म्हणून उतरवायला कुणाला घाई नाही. रोज उद्या जाऊ, उद्या जाऊ. आता मला सांगा, इथे आग लागली तर काय?"

मी आवाज शाळेतलाच ठेवला. "रविवारी येतो," मी म्हणाले.

रविवारी रिक्षाच्या टपावर खुर्ची बांधून आम्ही फतेगंजला गेलो. दार मुलाने उघडलं. दारात भाई, शिंपी, पोरगा, खुर्ची आणि गळ्यात शिट्टी अडकवलेली मी. तो गोंधळला. "काय झालं? कुठे आग लागली?"

"अजून नाही," मी म्हणाले.

आतून अण्णांचा आवाज आला, "माझी टोपी दे रे."

तो लिफ्टकडे बोट दाखवणार होता. हात अर्धा वर गेला आणि खाली आला. आत जाऊन त्याने वडिलांना टोपी घातली, उचलून खुर्चीत बसवलं, आणि पोरगा भाईंच्या मागे उभा राहायला गेला तसा त्याला म्हणाला, "सरक, ती जागा मला दे." मी त्याला शिट्ट्यांचा अर्थ सांगितला. इथले जिने रुंद होते, सिमेंटचे, धरायला कठडा. मधल्या एका मजल्यावर कुणीतरी दार उघडून आमच्याकडे बघत राहिलं. मुलगा थबकला.

"थांबू नकोस," अण्णा म्हणाले. "ओळख चढताना करू."

खाली फाटकाबाहेर एक लारी होती. अण्णांनी चहा बशीत ओतला. समोरून जाणाऱ्या एका अनोळखी बाईला त्यांनी त्या कुठल्या, कुठे निघाल्या, ते सगळं विचारलं. मुलगा घामाने भिजला होता. भाईंच्या कमरेला ज्या हाताने आधार दिला होता तो हात तो उघडून-मिटून पाहत होता. खिशातला फोन वाजला, तो त्याने घेतला नाही. वडील चहा पितात ते बराच वेळ बघत राहिला.

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, पुढच्या रविवारी किती वाजता?"