बगळ्याचा दुसरा पाय

कोविडमुळे शाळा बंद होत्या तेव्हा नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या घरी आमच्याकडे जेवणाचं एकच टेबल होतं. एका टोकाला माझं ऑफिस, दुसऱ्या टोकाला आठ वर्षांच्या लेकीचा वर्ग. माझ्या दोन मीटिंगांच्या मधल्या पाच मिनिटांत तिचे प्रश्न यायचे. ढग खाली का पडत नाहीत? गोगलगाय घर बदलते का? पहिला महिना मी इमानेइतबारे शोधून सांगितलं. पुढे डोकंच चालेना, तेव्हा हात पसरून, आवाज बदलून थापा मारू लागलो. थापेसाठी काही वाचावं लागत नाही.

कालव्याकाठचा बगळा एकाच पायावर का उभा राहतो? मी म्हणालो, दुसरा पाय रजेवर असतो. दर सोमवारी पाळी बदलते. तिने गंभीरपणे ऐकून घेतलं.

इथे शाळेत प्रत्येक मुलाला कधीतरी वर्गापुढे एका विषयावर बोलावं लागतं. तिने विषय घेतला बगळा. मी माझ्या मीटिंगचा आवाज बंद करून ऐकत बसलो. रजेवरचा पाय अस्खलित डचमधून पडद्यावरच्या सगळ्या चौकटींत पोचला आणि मुलं हसली. बाईंनी समजावलं, पाय पिसांत घेतला की ऊब टिकते. लेकीने गुपचूप आपला कॅमेरा बंद केला.

बायको एवढंच म्हणाली, "तुझ्या नाटकाला एकच प्रेक्षक होता, तोही घालवलास."

प्रश्न थांबले. दोन दिवस मला बरंच वाटलं, कबूल करतो. तिसऱ्या दिवशी ती टॅबलेटला हळू आवाजात काहीतरी विचारताना दिसली, आणि मला काम सुचेना. आठवडाभर मी तिच्याभोवती घुटमळलो, खोकलो, खिडकीशी उभं राहून ढगांचं कौतुक केलं. तिने मान वर केली नाही.

मग थंडी वाढली, कालवा गोठला. आम्ही फिरायला गेलो. ती काठावर वाकून बराच वेळ बघत होती. शेवटी, माझ्याकडे न बघता, तिने डचमध्ये विचारलं की खाली मासे झोपलेत का. माझ्याकडे गोधड्या, उशा, घोरणारा म्हातारा मासा, सगळं तयार होतं. मी तोंड उघडलं.

"थांब," ती चक्क मराठीत म्हणाली. "आता सांगशील ते खरं आहे, की तुझं?"

"माझं. खरं मला माहीत नाही. आणि बाळा, मी फार दमलोय गं."

तिने माझा चेहरा नीट पाहिला.

"मग तुझं सांग. पण तुझं आहे, हे आधी सांगत जा."