एका टोपणाचे माप

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत हिरवळीविषयी जे छापून आले आहे, ते मी तीनदा वाचले. लिहिणारे गृहस्थ माझे जुने सहकारी. ते गणित शिकवीत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नव्या इमारतीसमोरची हिरवळ ‘माळीबाबांच्या निष्काळजीपणामुळे’ जळाली आणि ‘शेतीच्या गुरुजींनी परिश्रमपूर्वक ती पुन्हा लावली’. शेतीचा गुरुजी मी. ती हिरवळ मी पुन्हा लावलेली नाही. कोणीच लावलेली नाही. या वयात वाद घालण्याचा शीण येतो. परंतु चुकीचे छापलेले तसेच सोडून देणे मला कधी जमले नाही.

याखेरीज दोन हकिकती तोंडोतोंडी फिरतात. एकीप्रमाणे माळीबाबा त्या दिवशी प्यायलेले होते. हा माणूस सुपारीचे खांडही तोंडात टाकीत नसे. दुसरीप्रमाणे फवारणीच्या पंपात कापसावरच्या विषाचा गाळ राहिला होता. तो पंप धुण्याच्या सोड्याने दोन वेळा मी स्वतः धुतला होता. तेव्हा याही दोन्ही हकिकती बाद.

घडले ते असे. नव्वदचे दशक संपत आले होते, हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आपल्या शाळेतही काही नवे दिसावे असे मुख्याध्यापकांच्या मनाने घेतले. इमारतीसमोर हिरवळ करायचे ठरले. मी हरळी सुचवली, कारण आमच्या उन्हात दुसरे गवत टिकत नाही. बांधांवरून हरळीची पोती भरून आणली आणि तिच्या कांड्या लावायला गावातल्या बाया बोलावल्या. त्यांतली एक वयस्कर बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“गुरुजी, जलम गेला हरळी खणून फेकता फेकता. आन् तुमी आता रोजी देऊन लावायला सांगून राहिले?”

“साहेबाला गालिचा पायजे,” दुसरी म्हणाली.

“मंग आमच्या वावरात येऊन बसा म्हनावं. फुकटात गालिचा हाय.”

सगळ्या हसल्या. माळीबाबाही हसले. ते बारा वर्षे रोजंदारीवर होते. त्या वर्षी त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव वर जाणार होता आणि हिरवळ चांगली झाली तर त्यांची शिफारस करीन, असे मुख्याध्यापकांनी सर्वांसमक्ष सांगितले होते. म्हणून कोणतीही कांडी वाकडी लागली की ते उकरून पुन्हा सरळ लावीत.

पाऊस झाला. हरळीबरोबर गाजरगवत, कुर्डू आणि केनाही वर आला. इमारतीच्या उद्घाटनाचे पाहुणे महिन्याभरात येणार होते. मुख्याध्यापक म्हणाले, “औषध मारा.” मी विरोध केला, आणि त्या विरोधाची जबाबदारी मी आजही घेतो. रुंद पानांच्या तणावरचे औषध जुन्या हरळीला काही करीत नाही, हे खरे. परंतु नुकत्याच लावलेल्या कांडीला मुळे फुटत असतात आणि ती मुळे त्याने खुंटतात. दोन-तीन वेळा कापणी झाल्याशिवाय पूर्ण मात्रा देऊ नये. हे मी त्यांना तोंडी सांगितले, नंतर लेखीही दिले.

ते ऐकेनात, तेव्हा मी एका कडेला सुतळी बांधून पट्टा आखला आणि त्यावर निम्म्या मात्रेने फवारून पाहिले. पट्टा आठ दिवस फिकट राहिला, मग सावरला. तण मात्र मान टाकून बसले. निम्मी मात्रा नवी हरळी सोसते, हे मी डोळ्यांनी पाहिले. मला त्याचा अभिमान वाटला. तो अजूनही गेलेला नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे.

त्याच सुमारास मला बहिणीच्या आजारपणासाठी शिरड शहापूरला जावे लागले. निघताना मी माळीबाबांना म्हणालो, “उरलेल्या भागावर मारून टाका. पंपाला एक टोपण.”

आमच्याकडे औषध टोपणानेच मोजतात. मी वर्गात मुलांना याबद्दल रागावत असे, फळ्यावर मिलिलिटर लिहून देत असे आणि शेतात उतरलो की स्वतःही टोपणच म्हणत असे. माझ्या डोळ्यांसमोर लहान बाटलीचे टोपण होते; त्यात बरोबर निम्मी मात्रा बसे. ती बाटली मी पट्ट्यावरच संपवली होती. कोठीत त्याच औषधाचा मोठा डबा होता. त्याचे टोपण जवळजवळ तिप्पट मोठे.

मी परत आलो तेव्हा सबंध हिरवळ तपकिरी झाली होती. माझा सुतळीचा पट्टा तेवढा हिरवा होता, आणि लाज वाटावी इतका उठून दिसत होता.

मुख्याध्यापकांनी आम्हां दोघांना बोलावले.

“गुरुजी, प्रमाण काय सांगितलं होतं?”

“निम्मे,” मी म्हणालो.

माळीबाबा दारापाशी उभे होते. “साहेब, गुरुजीनं सांगितलं तसं एकच टोपण टाकलं. बराबर एक.”

“डब्याचं टोपण आणि बाटलीचं टोपण सारखं असतं काय? डोकं कुठं ठेवलं होतं?” मुख्याध्यापक त्यांच्यावर कडाडले.

माळीबाबांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरचा माझाच लेखी अर्ज वाचू लागलो. त्यात सर्व काही शुद्ध आणि बरोबर होते. फक्त टोपणाचा उल्लेख नव्हता.

प्रस्ताव गेला नाही. दोन महिन्यांनी त्यांचे रोजंदारीचे कामही बंद झाले. आणि हिरवळ? हरळीची पेरे जमिनीत जिवंत होती. परतीचा पाऊस पडला आणि दिवाळीपर्यंत ती आपोआप वर आली, कुठे विरळ, कुठे दाट. लोकांनी माझे अभिनंदन केले. मी नाही म्हणालो, तर त्यांनी तो विनय समजला.

काही वर्षांनी गोरेगावच्या बाजारात एका बी-बियाण्यांच्या दुकानात शिरलो, तर आत माळीबाबा पोती रचत होते. केस पांढरे झाले होते. मी बांधासाठी तणनाशकाची बाटली मागितली. त्यांनी ती पिशवीत घातली आणि सोबत रेघा आखलेला प्लास्टिकचा छोटा पेला टाकला.

“हा कशाला?”

“मापाला. टोपनावर जाऊ नका, गुरुजी. लई दगा देतंय ते.” आणि ते हसले, बाया हसल्या होत्या त्या दिवशी हसले होते तसेच. “हरळी हाय का अजून?”

“आहे.”

“आसणारच. ती कुटं मरती.”

तेव्हा सांगायला हवे होते. सेनगावची जीप हॉर्न वाजवत होती, एवढे निमित्त मला पुरले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, बाबा वारले.

स्मरणिकेच्या मंडळाला मी पत्र पाठवले आहे. त्यांचे उत्तर आले की जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार, आणि आपला तर त्यात गौरवच आहे. मला गौरव नको. पुन्हा लावल्याचे वाक्य खोडावे. हिरवळ जळाल्याच्या वाक्यात ‘माळीबाबांच्या’ हा शब्द काढून तिथे ‘शेतीच्या गुरुजींच्या’ असे घालावे. बाकीचे वाक्य आहे तसे राहू द्यावे. त्यात चूक नाही.