लख्ख टाकीतला मासा

हॉस्पिटलात त्यांना सगळे मावशीच म्हणायचे, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे असलेले सर्जनसुद्धा. ऑपरेशन थिएटरची साफसफाई हे त्यांचं काम. फरशी पुसून झाली की ती वाळेपर्यंत मावशी दारात उभ्या राहायच्या आणि घाईघाईने आलेल्या सर्जनना म्हणायच्या, "थांबा जरा." आणि ते थांबायचे. निवृत्त झाल्यावर हाच खाक्या घरी आला. "आईंच्या घरात शिरायला धूळही परवानगी मागते," असं जावई म्हणायचा. अर्थात मावशी स्वयंपाकघरात गेल्यावर.

त्यांचे यजमान बस डेपोत मेकॅनिक होते. नोकरी संपली आणि अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. कित्येक महिने ते अंथरुणाला खिळून होते, पण पडून पडून होणारी एकही जखम पाठीवर उठली नाही. मावशी त्यांना कुशीवर वळवायच्या, पुसायच्या, चादर बदलायच्या आणि पुन्हा वळवायच्या. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, "असं वॉर्डातसुद्धा पाहिलं नाही." मावशींनी ते वाक्य जपून ठेवलं.

माणूस उठून खुर्चीत बसला, पण त्याची वाचा अडखळायची. शब्द नीट फुटेना, म्हणून त्याने बोलणंच टाकून दिलं. बोलण्याचा व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंसमोर तर तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. शेवटी जावयाने काचेची टाकी आणली आणि तिच्यात एक मोठा केशरी गोल्डफिश सोडला. पोट पुढे काढून सगळीकडे डोकावत हिंडायचा आणि हाती काही न लागताच परत फिरायचा, म्हणून यजमानांनी त्याचं नाव ठेवलं इन्स्पेक्टर. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून एवढा मोठा शब्द धड आला होता. मग ते रोज त्याच्याशी बोलू लागले. डेपोतल्या तक्रारी, जुन्या इंजिनांची दुखणी, सगळं. मावशी भाजी निवडता निवडता ऐकायच्या. बायकोशी चार शब्द बोलायला महाग असलेला माणूस माशाशी अर्धा अर्धा तास बोलतो, याचा त्यांना थोडा राग यायचा. पण तो बोलतोय, हे त्याहून मोठं होतं.

म्हणूनच इन्स्पेक्टर पर मिटून तळाशी बसून राहायला लागला, तेव्हा मावशींचं धाबं दणाणलं. मग तो वर येऊन तोंड वासू लागला. शेपटीत लाल रेघा दिसायला लागल्या. तिकडे यजमानांचं बोलणं कमी कमी होत गेलं.

मावशींना आजाराचं एकच कारण ठाऊक होतं: घाण. टाकी आल्यापासून ती आठवड्याला धुवायच्या, आता रोज धुवायला लागल्या. यजमानांचा दुपारी डोळा लागला की त्या माशाला बादलीत काढायच्या, टाकीतले खडे उकळायच्या, पाणी गाळणाऱ्या यंत्रातला स्पंज खळखळत्या पाण्यात घालून पांढरा करायच्या, काच घासायच्या आणि नळाचं ताजं पाणी भरायच्या. टाकी आरशासारखी चमकायची. मासा मात्र दिवसेंदिवस खंगत चालला.

शेवटी त्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदार कोपरापर्यंत ओल्या बाह्यांनी टाक्यांमध्ये उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"स्पंज कधी धुतला होता?"

"रोज धुते," मावशी म्हणाल्या. आवाजात अभिमान होता.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "मावशी, मासा पाण्यात खातो आणि पाण्यातच घाण करतो. ती घाण पचवणारे जंतू त्या स्पंजात राहतात. तुम्ही रोज त्यांनाच उकळताय."

"जंतू?" घरात चोर ठेवून घ्यायला सांगावं, तसं मावशींनी विचारलं.

"चांगले जंतू. काही दिवस खाणं बंद करा. पाणी रोज थोडंच बदला, आणि नवं घाला ते आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. आणि हा घ्या." त्याने आपल्या टाकीतला एक मळकट, तपकिरी, बुळबुळीत स्पंज पिशवीत घालून दिला. "असाच टाका."

घरी येऊन मावशींनी पिशवी मोरीत ठेवली. पुढचं त्यांनी केलं असं म्हणता येणार नाही, त्यांच्या हातांनी केलं. स्पंज पिळला, धुतला, उकळला आणि मग टाकीत बसवला.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर कुशीवर कलला होता. त्या पुन्हा दुकानात हजर.

"टाकला का स्पंज?"

"टाकला."

"तसाच?"

"जरासा धुऊन."

"जरासा म्हणजे?"

"उकळून."

दुकानदार हसत सुटला, पण मावशींचा चेहरा पाहून थांबला. त्याने दुसरा स्पंज काढला. "घरी आणखी कोण असतं?"

"आमचे हे."

"मग हा त्यांच्या हातात द्या. तुम्ही पिशवीची गाठसुद्धा सोडू नका."

मावशींनी पिशवी यजमानांच्या मांडीवर ठेवली आणि समोर स्टूल ओढून बसल्या. "अहो, मासा माझ्यामुळे आजारी आहे. तुम्ही झोपलात की मी टाकी धुवायचे."

"म... माहीत आहे."

"झोपलेले असायचात ना?"

"डोळे मिटलेले असायचे." त्यांनी दम घेतला. "खडे उकळल्याचा आवाज येतो."

"मग बोलला का नाहीत? तेवढं तरी बोलायचंत."

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मावशींनी घाई केली नाही. "मला असंच धुऊन पुसून उ... उभं केलंस. तुला धुऊ नकोस असं कुठल्या तोंडाने सांगू?"

मावशींनी यजमानांची खुर्ची टाकीपाशी सरकवली आणि झाकण उचलून धरलं. यजमानांनी डाव्या हाताने स्पंज आत सोडला. पाण्यात तपकिरी ढग पसरला.

"उकळायचा होता," मावशी पुटपुटल्या.

"गप," यजमान म्हणाले. हा शब्द अजिबात अडखळला नाही.

त्यानंतरचे दिवस मावशींनी हात काखेत धरून काढले. पाणी गढूळ, काचेवर हिरवट थर, आणि त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. मासा आधी सरळ झाला, मग हळूहळू पोहू लागला आणि एका सकाळी त्याने वर येऊन खाण्याचा दाणा गिळला. शेपटीची कड फाटकीच राहिली.

आता मावशी फक्त समोरची काच पुसतात, तीही यजमानांच्या देखरेखीखाली. ते खुर्चीतून हुकूम सोडतात: "मागची काच सोड", "फडकं कोरडं आहे का दाखव", "अगं, तुझा काही भरवसा नाही." दिवसभर हेच. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा बोलतात का गं?"

"बोलतात," मावशी म्हणाल्या. "बोलणं कसलं, टोमणेच. पण वाक्यं पूर्ण करतात."